दोनशे बारा भाग आणि एक दाढ

तीर्थस्वरूप अक्का,

नमस्कार. (वाकूनच करणार होते, पण माझ्या कमरेचं तुम्हांला ठाऊक आहे, हा उभ्याने केलेला मानून घ्या.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? नव्या चष्म्याची सवय झाली, की अजून जुनाच लावून नव्याला नावं ठेवता? इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. निदान सकाळ-संध्याकाळ एकमेकांना तसं सांगतो, आणि वसतिगृहातून कन्येचा फोन आला की तिलाही.

रविवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "माझा भाऊ माझ्याकडे मच्छरदाणीची मापं आणि जुलाबाच्या गोळ्यांची यादी कशाला मागत होता गं? ती गाडी घेताय का तुम्ही? हो की नाही, एवढंच सांग." मी "हं" म्हणाले. त्या "हं"चा तुम्ही काय अर्थ लावला असेल याची मला तेव्हापासून काळजी लागली आहे. अडचण अशी होती की हे शेजारीच बसून सफरचंद कापत होते, आणि तुम्ही फोनवर बोलता तेव्हा (इतकी वर्षं वॉर्डाच्या या टोकाहून त्या टोकाला हाका मारल्यामुळे असेल) शेजारच्या माणसाला फोनची गरज उरत नाही. म्हणून हे पत्र. ग्रंथालयाच्या टेबलावर बसून लिहिते आहे. समोर एक वाचक आहे, पण तो झोपला आहे.

तर गाडी. आमची फिरत्या ग्रंथालयाची निळी गाडी तुम्ही पाहिली आहे. दोन्ही अंगांना पुस्तकांचे कप्पे, मागे लोखंडी पायरी, आणि डाव्या दाराला ती खोक. सव्वीस वर्षं वस्त्यावस्त्यांतून पुस्तकं घेऊन हिंडली. आता नवी आली. तेव्हा वरून कागद आला की जुनी गाडी कर्मचाऱ्यांपैकी कुणाला हवी असल्यास या पंचवीस तारखेच्या आत नाव द्यावं, नाही तर सव्वीसला भंगारवाला क्रेन घेऊन येईल. अडीच महिन्यांची मुदत दिली होती. मी तो कागद स्वतःच्या हाताने फलकावर लावला आणि विसरून गेले. नेमके त्याच दिवशी हे माझा घरी राहिलेला डबा द्यायला आले. डबा घेऊन मी आत गेले, बाहेर आले, तर हे आवारात गाडीभोवती तिसरी फेरी घालत होते. मग त्यांनी तिच्या नाकाडावर हात ठेवला (आमच्या लग्नाच्या फोटोत माझ्या खांद्यावर ठेवलाय ना, अगदी तसाच, जरा घाबरून) आणि म्हणाले, "ह्यात बिछाना बसेल."

अक्का, सत्तावीस वर्षं तुमचा धाकटा त्या दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या मागच्या बिनखिडकीच्या खोलीत बसून लोकांच्या कवळ्या बनवतो आहे. हसणारी माणसं दिवसभर त्याच्या हातांखालून जातात, पण फक्त दात तेवढे येतात, बाकीचा माणूस येत नाही. तेव्हा त्याला बाहेर पडावंसं वाटलं तर माझं काही म्हणणं नव्हतं. माझं म्हणणं एवढंच, की बाहेर म्हणजे किती बाहेर? हे म्हणाले, एक वर्ष. विमान नाही, आगगाडी नाही. आपली गाडी, आपला रस्ता, एक देश संपला की पुढचा, रस्ता समुद्रात बुडेपर्यंत. मी म्हटलं, "तुम्हांला साधा स्टोव्हचा वायसर बदलता येत नाही." त्यावर शांतपणे म्हणाले, "शिकेन. असं करणाऱ्यांचे व्हिडिओ चॅनल असतात म्हणे, पण कचराच फार. तू ग्रंथपाल आहेस. चांगले तेवढे निवडून दे. तू पास केलेलंच मी बघीन."

आता इथे माझा हेतू शुद्ध नव्हता हे कबूल करते. मला वाटलं, चांगले निवडायचेच, पण असे चांगले की पाहणाऱ्याने घराच्या दाराला आतून कडी लावावी.

शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम, म्हणून मी गाफील राहिले. पहिल्या दिवशी "गाडीतून लांबचा प्रवास" असं टाकलं, तर एक बाळ खेळण्यातली बस फरशीवरून अर्धा तास ओढत होतं. (लाखो लोकांनी पाहिलं होतं. मीही शेवटपर्यंत पाहिलं. बस कपाटाखाली जाते.) तेवढ्यावरून त्या यंत्राने आमच्या घरी तान्हं मूल आहे अशी खूणगाठ बांधली, आणि पुढे आठवडाभर वाळवंट मागावं तर अंगाई यायची. त्यातून सुटले तेव्हा खरे प्रवासी भेटू लागले. एका तरुणाची गाडी आपल्या घराहून मोठी होती आणि तीत बसून तो साधेपणाने कसं जगावं ते सांगत होता. एक जोडपं रोज सूर्योदयाला डोंगराच्या कड्यावर कॉफी पिई. पण कप कुणी विसळले, आणि ती दोघं कड्यावर पोचण्याआधी कॅमेरा तिथे कसा पोचला, याचा पत्ता लागू देत नसत. एक गृहस्थ "मला आधी कुणी सांगायला हव्या होत्या अशा दहा गोष्टी" सांगायला बसत, तिसऱ्या गोष्टीनंतर एका गादीची स्तुती सुरू करत, आणि उरलेल्या सात गोष्टी त्या गादीच्याच निघत. एक बाई भाग सुरू होताच रडायला लागत, आणि का रडतात ते कळण्याआधी संगीत सुरू होई. ड्रोन तर सगळ्यांकडे. मला कित्येक गाड्यांच्या टपांवरचा गंज तोंडपाठ झाला, पण चाक पंक्चर झालं की पुढच्या क्षणी ते बदललेलं असायचं. मधलं सगळं कापलेलं.

मग मी एक वही केली. रकाने पाडले: गाडी कोणती, चालवतं कोण, पाणी कुठे भरतात, अंघोळ (दाखवू नये, पण होते का), नकाशा कुणाच्या हातात असतो, आणि वाट चुकली की कुणावर ढकलतात. एक रकाना ड्रायव्हरमामांनी वाढवला. ड्रायव्हरमामा म्हणजे ती निळी गाडी ज्यांनी सव्वीस वर्षं हाकली ते. गाडीआधी महिनाभर निवृत्त झाले, आणि आता दर गुरुवारी वर्तमानपत्र वाचायच्या निमित्ताने येऊन तिला बघून जातात. माझ्या खांद्यावरून वाकून त्यांनी तीन-चार चॅनल पाहिले आणि म्हणाले, "ताई, डोंगर काय बघताय? हात बघा त्याचे. नखं पांढरीस्वच्छ म्हणजे गाडी दुसऱ्याच कुणी तरी सांभाळलेली. हा नुसता बसून हसतोय." म्हणून रकाना: नखं. एक्केचाळीस चॅनल तपासले, त्यांतल्या अडतीस जणांची नखं तुमच्या वॉर्डात चालली असती.

उरले तीन. एकात एक म्हातारे मेकॅनिक आहेत, ते फक्त गिअरबॉक्सशी बोलतात, आपल्याशी नाही. दुसऱ्यात दोघी बहिणी आहेत. फार चांगल्या. चौथ्याच भागात गाडी विकून घरी गेल्या. (हा चॅनल मी ह्यांना अगदी मनापासून सुचवला. त्यांनी पाहिला, आणि "घाई केली बिचाऱ्यांनी" एवढंच म्हणाले.) आणि तिसरा त्या नवराबायकोचा. परदेशातली माणसं, नावं मला नीट उच्चारता येत नाहीत, म्हणून आम्ही त्यांना टोपीवाला आणि वेणीवाली म्हणतो. गाडी जुनी, मागे संगीत नाही, बोलणं कमी, खाली अक्षरांत भाषांतर. पहिल्या तीन भागांतच त्यांच्या चाकांचा आस मोडतो, गाडी नदीत बसते, आणि एका शिक्क्यासाठी सीमेवरच्या चौकीत अकरा दिवस मुक्काम पडतो. मी म्हटलं, हेच. तीन दिवसांत माझं काम होईल.

तिसऱ्या दिवशी हे स्वतःची वही घेऊन बसले.

आणि मग, अक्का, काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. रोज जेवणं झाली की दोन भाग. एकूण दोनशे बारा. मी पहिल्याच दिवशी नियम घातला होता की पहिल्यापासून क्रमाने पाहायचे. पहिला खंड परत आल्याशिवाय मी कुणाला तिसरा नेऊ देत नाही, ते तुम्हांला माहीत आहे. एकदा बाजूच्या चित्रांत वेणीवाली एकटीच गाडी चालवताना दिसली, तर ह्यांनी लगेच विचारलं, "टोपीवाला कुठाय?" मी त्यांचे डोळे झाकले. म्हटलं, पुढची पानं उलटायची नाहीत. आता वाटतं, उलटली असती तर बरं झालं असतं. पण तेव्हा आम्ही दोघं एकाच सोफ्यावर बसून "अहो, डावीकडे वळा, डावीकडे" असं पडद्याला सांगत होतो आणि त्यावरून आपसांत भांडत होतो. हे म्हणायचे, "नकाशा तिच्याकडे आहे, तिला कळतं." मी म्हणायचे, "नकाशा उलटा धरलाय तिने." कन्या शिकायला गेल्यापासून आमच्या घरी इतकं बोलणं झालं नव्हतं.

अडतिसाव्या भागात टोपीवाल्याची डावीकडची खालची दाढ वाळक्या पावावर मोडली. त्याने काय करावं? काचेचं रबर चिकटवायला आणलेला गोंद तिला लावला. हे ताडकन उठले. "थांबव. थांबव ते." मी थांबवलं. हे भिंग घेऊन टीव्हीजवळ गेले, टोपीवाल्याच्या उघड्या तोंडात बराच वेळ पाहत उभे राहिले, आणि मग कागद घेऊन बसले. दोन पानं लिहिली, आकृतीसकट. डावीकडून चावू नका. तो गोंद आजच्या आज काढा, हिरडीचा जीव घेईल. वाटेत गावात मऊ मेण मिळालं तर त्यावर चावून ठसा पाठवा, दाढ मी करून देतो. कन्येला फोन करून हे सगळं त्यांच्या भाषेत लिहायला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, 'हिरडीचा जीव घेईल' हे कसं लिहू?" तर म्हणाले, "घेईल तसंच लिही." तिने मेसच्या रांगेत उभ्या उभ्या लिहिलं आणि त्या भागाच्या खाली टाकलं. तारीख तिनेही पाहिली नाही, आम्हीही नाही.

उत्तराची वाट पाहण्याइतका धीर कुठला? टोपीच्या बटणाशी ताडून ह्यांनी दाढेचं माप काढलं आणि चार दिवस खपून खरीखुरी दाढ केली. टीव्हीजवळ गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत ठेवली आहे. मोलकरीण तिला हात लावत नाही. एक्केचाळिसाव्या भागात टोपीवाला उजवीकडून चावताना दिसला, तेव्हा तर ह्यांनी माझा दंड धरला: "बघ! वाचलं त्याने."

नवव्या दिवशी उत्तर आलं, वेणीवालीचं. कन्येने फोनवर वाचून दाखवलं. तिने लिहिलं होतं: "तुमचं पत्र मिळालं. ती दाढ सहा वर्षांपूर्वीच काढली. त्यानंतर वर्षभराने तोही गाडीतून उतरला. आता मी एकटीच चालवते. आमच्या दातांची इतकी काळजी आजवर कुणी केली नव्हती. दाढ बनवणाऱ्या काकांना सांगा, पत्र जरा उशिरा आलं."

कन्या हसत होती. तिच्या वयाला ते हसण्यासारखंच होतं. हे मात्र "सहा वर्षं?" एवढंच म्हणाले आणि बेसिनशी जाऊन हात धुऊन आले, काही कारण नसताना. दोन दिवस टीव्ही लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी छप्पन्नावा भाग लावला, तर म्हणाले, "नको. माहितीये आता पुढे काय होतं ते." आणि मग गाडीबद्दलचंच मन बदललं. म्हणाले, बघितलंस ना, एवढ्या एवढ्याशा डब्यात माणसं टिकत नाहीत. चांगली होती ती दोघं. त्यांचं असं झालं, तर आपलं काय? घर आहे ते बरं आहे. मोजमापाची फीत खणात परत गेली. वही रद्दीवर. तुमच्याकडे मागितलेली गोळ्यांची यादी तुम्ही पाठवलीत, ती घडी न मोडता मला दिली आणि म्हणाले, "असू दे, पाहुणे आले तर."

मी पुढचे भाग डब्याच्या सुट्टीत एकटीनेच पाहिले. ती दोघं कुठे मोडली ते मला शोधायचं होतं. (आमच्याकडे पुस्तकाचं पान फाटलेलं आलं की कुणाच्या खेपेला फाटलं ते शोधावंच लागतं.) शंभराहून जास्त भाग पाहिले. मोठं भांडण एकही नाही. जागेवरून तर मुळीच नाही. गाडीत कोपर लागलं की दोघं हसत. एवढंच दिसतं की सुरुवातीला तो गाडीखाली शिरला की ती विजेरी धरून बसायची, आणि चुकीच्या जागी उजेड पाडून बोलणी खायची. पुढे कधी तरी त्याने डोक्याला बांधायची विजेरी घेतली. चांगली होती, दोन्ही हात मोकळे राहत. तेव्हापासून तो गाडीखाली आणि ती आत. दोघंही आपापलं काम नीट करतात. त्या भागाखाली लोकांनी विजेरी कुठून घेतली ते विचारलं आहे.

त्या दिवशी घरी आले तर हे आतल्या खोलीत होते, आणि मी बाहेरच्या. थोड्या वेळाने माझ्या फोनवर ह्यांचा निरोप आला: "चहा?" मी "हो" असा उलट निरोप पाठवला. मधे एकच भिंत आहे, अक्का, आणि तिला दारही आहे. आमच्या घरात तीन खोल्या आहेत. एवढ्या जागेत दोन माणसं कुणालाही पत्ता न लागता वीस-वीस वर्षं वेगळी राहू शकतात, तीही खुशाल.

असो. तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. तुमचे बंधू गाडी घेत नाहीत. ते घरी आहेत, वेळेवर जेवतात, कवळ्या करतात, आणि पंधरा दिवसांनी त्या गाडीला क्रेन उचलेल. तुम्ही निर्धास्त असा. गुडघ्याला शेक चालू ठेवा. आमचा वाचक आता जागा झाला आहे आणि कुठलं पुस्तक वाचत होतो ते मला विचारतो आहे, तेव्हा इथेच थांबते.

तुमची भावजय

ता. क. एक काम होतं. येत्या रविवारी ह्यांना फोन करा आणि त्या गाडीतून जायला सक्त मनाई करा. मी काही लिहिलंय हे कळू देऊ नका. "खबरदार घराबाहेर पाऊल टाकलंस तर," असं तुमच्या वॉर्डातल्या आवाजात. तुम्ही ह्यांना आजवर तीन गोष्टींची मनाई केली होती असं मी ऐकून आहे: शाळा सोडून दातांच्या कामाला लागायचं नाही, मोटरसायकल घ्यायची नाही, आणि ग्रंथालयातल्या त्या काळ्या मुलीशी लग्न करायचं नाही. तिन्ही वेळा, तुम्ही फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत निर्णय झाला. माझ्या सांगण्याने तसं होत नाही. मी सांगितलं की हे ऐकतात.

ता. क. आणखी एक. बोलताना "बायकोचा विचार कर" असं चुकूनही म्हणू नका, कारण हे तसा विचार खरंच करतील आणि घरीच बसतील. माझी काळजी नको. गेले तीन गुरुवार ड्रायव्हरमामा मला आवारात गाडी शिकवताहेत. आत्तापर्यंत दोन कुंड्या आणि सायकलींची रांग एवढंच नुकसान झालं आहे. नखं बघाल तर ओळखणार नाही. हे ती रोज बघतात आणि शाई समजतात.

ता. क. शेवटचं. नाव द्यायचा कागद मी काल दुपारीच भरून दिला. त्यावर दोन नावांना जागा असते. पहिल्या ओळीत माझं लिहिलं. दुसरी कोरी ठेवत होते, तर कारकूनबाई म्हणाल्या, "कोरी चालत नाही हो, काही तरी लिहा, नाही तर काट मारा." काट मारायला हात होईना. म्हणून तिथे तुमच्या धाकट्याचं नाव पेन्सिलीने लिहून ठेवलं आहे. पंचवीसपर्यंत त्या ते खोडणार नाहीत. मी त्यांना त्यांचं एक हरवलेलं पुस्तक माफ केलं आहे. फोन सकाळी नऊनंतर करा. त्याआधी ते दाढी करत असतात, आणि तोंडाला फेस असताना कुणाचा शब्द मोडत नाहीत.